शाळेची हद्द आणि वस्तीचा विरोध : इंग्लंडमधील एक धडा

प्राथमिक शाळेची हद्द ठरविणे हे वरवर पाहता कारकुनी काम वाटते. कोणत्या गल्लीतील मुलांनी कोणत्या शाळेत जावे, हे नकाशावर रेघ ओढून ठरविता येते. परंतु ती रेघ हलविण्याची नुसती वार्ता आली तरी घराघरांतून विरोध उठतो. त्या विरोधात मुलाच्या पायपिटीची काळजी असते, तशीच आपल्या मुलाच्या बाकावर शेजारी कोण बसणार, ही चिंताही असते. या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहणे सोपे नाही. इंग्लंडमध्ये भारतीय व पाकिस्तानी कुटुंबांच्या मुलांवरून जो वाद जवळजवळ दोन दशके चालला, त्याची हकिकत म्हणूनच आपल्यासारख्या शिक्षणप्रेमी समाजाने समजून घेण्याजोगी आहे.

लंडनच्या पश्चिमेस साउथॉल नावाचे उपनगर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील कारखान्यांना मजूर मिळेनासे झाले. १९५० नंतर रबराच्या कारखान्यात पंजाबी कामगार लागले आणि त्यांच्या मागोमाग गाववाले आले. त्याच सुमारास उत्तरेकडील ब्रॅडफर्ड शहरातील लोकरीच्या गिरण्यांत मीरपूर भागातील मुसलमान कामगार रात्रपाळी करू लागले. आरंभी पुरुष एकटेच येत, दाटीवाटीने राहत आणि घरी पैसे पाठवीत. पुढे १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील लोकांच्या प्रवेशावर बंधने आली. दार बंद होण्यापूर्वी बायकामुलांना आणावे, असे साहजिकच अनेकांना वाटले. ज्या कायद्याने गर्दी कमी व्हावयाची, त्याच्यामुळेच कुटुंबे स्थिरावली आणि वस्तीतल्या प्राथमिक शाळांचे पट बदलले.

साउथॉलमधील बीकन्सफील्ड रोड शाळेत १९६३ पर्यंत आशियाई मुलांची संख्या निम्म्याहून अधिक झाली होती. गोऱ्या रहिवाशांनी सभा घेतल्या. इंग्रजी न जाणणाऱ्या मुलांमुळे आमची मुले मागे पडतात. तेव्हा त्यांना वेगळे शिकवा, अशी त्यांची मागणी होती. तत्कालीन शिक्षणमंत्री सर एडवर्ड बॉइल त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये स्वतः साउथॉलला आले. कातडीच्या रंगावरून वेगळे वर्ग काढण्यास त्यांनी नकार दिला, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नमूद केली पाहिजे. परंतु नोव्हेंबरमध्ये त्यांनी पार्लमेंटात जे धोरण मांडले ते असे, की कोणत्याही एका शाळेत अशा मुलांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांपलीकडे जाऊ नये. वेगळा वर्ग नको, पण एकत्र गर्दीही नको. म्हणून मुले पांगवावीत, असा हा तोडगा होता.

सरकार बदलले तरी धोरण बदलले नाही. मजूर पक्षाच्या राजवटीत अँथनी क्रॉसलंड शिक्षणमंत्री असताना जून १९६५ मध्ये शिक्षण खात्याने ७/६५ क्रमांकाचे परिपत्रक काढले. शाळेत किंवा वर्गात परदेशांतून आलेल्यांच्या मुलांचे प्रमाण एक-तृतीयांशाच्या वर गेले तर गंभीर ताण निर्माण होतो, असे त्यात म्हटले होते. उपाय म्हणून शाळांच्या हद्दी विचारपूर्वक आखाव्यात आणि ते शक्य नसेल तेथे मुलांना दूरच्या शाळांत न्यावे, असा सल्ला होता. गोऱ्या पालकांना धीर वाटावा, हाही हेतू त्यात स्पष्टपणे मांडलेला होता. हा सल्ला होता, हुकूम नव्हता. लंडनच्या मध्यभागाच्या शिक्षण मंडळाने आणि बर्मिंगहॅमने तो मानला नाही. साउथॉल ज्या इलिंग पालिकेत समाविष्ट झाले होते तिने आणि ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, हॅलिफॅक्स, ब्लॅकबर्न इत्यादी ठिकाणांनी मात्र तो अमलात आणला.

आता हे पांगविणे व्यवहारात कसे झाले ते पाहावे. बसगाड्या एकाच दिशेने धावल्या. आशियाई मुले गोऱ्या वस्तीतील शाळांत नेली गेली. गोरी मुले आशियाई वस्तीत आणली गेली नाहीत. पाच-सहा वर्षांची लेकरे हिवाळ्याच्या अंधाऱ्या सकाळी थांब्यावर उभी राहत. शाळा सुटताच बस निघून जाई, म्हणून खेळ, नाटक, संगीत यांत त्यांना भाग घेता येत नसे. नव्या शाळेत ती ‘बसची मुले’ म्हणूनच ओळखली जात आणि त्यांना शिवीगाळ व मारहाणही सोसावी लागे. मूल आजारी पडले तर आणावयास जाणे घरी गाडी नसलेल्या आईला दुष्कर होते. ज्या आईला इंग्रजी येत नाही ती शेजारच्या शाळेत एखादवेळी धिटाईने गेली असती. परंतु कित्येक मैलांवरील शाळेचे दार तिने पाहिलेही नाही.

कारण सांगितले जाई भाषेचे. परंतु सरकारी व्याख्येनुसार, ज्यांचे आईबाप दहा वर्षांच्या आत देशात आले त्यांची इंग्लंडमध्ये जन्मलेली मुलेही मोजणीत येत. इंग्रजी बोलणारी वेस्ट इंडीजची मुलेही त्याच रकान्यात होती. प्रत्यक्ष भाषेची परीक्षा न घेता मूल कोणाचे आहे यावर बस ठरू लागली, तेव्हा पालकांच्या मनात विरोध दृढ झाला. आमच्या वस्तीत शाळा कमी पडत असतील तर नव्या बांधा. मुले का हलविता, असा त्यांचा सवाल होता.

या सवालाला कायद्याचाही आधार मिळाला. १९६८ च्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक सेवांतील भेदभावास बंदी केली होती. त्यानुसार वंशसंबंध मंडळाने इलिंगच्या पद्धतीची चौकशी केली. १९७६ च्या कायद्याने हे बंधन अधिक कडक झाले. पुढे ब्रॅडफर्डने १९८० मध्ये ही पद्धत बंद केली आणि १९८० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत इलिंगमधील बसगाड्याही थांबल्या.

परंतु हकिकत येथे संपत नाही. यॉर्कशरमधील ड्यूजबरी येथे १९८७ मध्ये २६ मुलांच्या गोऱ्या पालकांनी, पालिकेने नेमून दिलेल्या हेडफील्ड शाळेत मुले घालण्यास नकार दिला. त्या शाळेत बहुसंख्य मुले आशियाई होती. पालकांनी एका मद्यगृहाच्या माडीवर स्वतःचे वर्ग भरविले, प्रकरण न्यायालयात नेले आणि १९८८ मध्ये त्यांना हवी ती शाळा मिळाली. पालकांच्या निवडीचा अधिकार त्याच वर्षीच्या शिक्षण कायद्याने आणखी वाढविला. २००१ मध्ये ब्रॅडफर्डसह उत्तरेकडील शहरांत दंगली झाल्या. टेड कँटल यांच्या समितीने त्यावर्षी दिलेल्या अहवालात, शेजारी राहूनही लोक समांतर आयुष्ये जगत आहेत, असा निष्कर्ष काढला.

तेव्हा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. मुलांनी एकत्र शिकावे, हा बॉइल यांचा विचार वाईट नव्हता. एकाच समाजाच्या मुलांनी भरलेली शाळा ही आदर्श शाळा आहे, असे आपणही म्हणू नये. चूक झाली ती ओझे वाटण्यात. एकत्र येण्याचा सारा प्रवास एकाच बाजूच्या लेकरांनी करावयाचा आणि दुसऱ्या बाजूने जागेवरून हलावयाचे नाही, असे मीलन टिकत नाही. शिवाय ज्यांची मुले हलवावयाची होती त्यांना आधी कोणी विचारले नव्हते.

शाळेच्या हद्दीचा प्रश्न कोणत्याही वस्तीत उभा राहिला तर नुसता कालवा न करता काही प्रश्न शांतपणे विचारावेत. या बदलाने कोणाची मुले चालणार आणि कोणाची नाहीत? आईला शाळेपर्यंत पोहोचता येईल काय? जागा कमी असेल तर नवी खोली किंवा नवी शाळा बांधण्याचा विचार झाला आहे काय? आणि चौथा प्रश्न आपण आपल्या मनाला विचारावा : आपला विरोध अंतराला आहे की शेजाऱ्याला? पहिल्या तिन्हींची उत्तरे मागण्याचा हक्क प्रत्येक पालकाला आहे. परंतु चौथ्याचे उत्तर खरे दिल्यावाचून तो हक्क शोभत नाही.

इल्म मिळविण्यासाठी दूरचा प्रवासही करावा, अशी आपली शिकवण आहे. मात्र तो प्रवास आपखुशीचा असावा. सहा वर्षांच्या मुलाला त्याच्या आईबापांच्या जन्मस्थानावरून बसमध्ये बसविणे, हा इल्मचा प्रवास नव्हे. साउथॉल व ब्रॅडफर्डच्या पालकांनी हे ओळखले आणि अनेक वर्षे नेटाने सांगितले, म्हणून त्यांच्या धाकट्या मुलांना आपल्या गल्लीतील शाळेत चालत जाता आले.