लिम्फा, लसीका, लस

स्तनकर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हल्ली ‘लिम्फेडिमा’ हा शब्द वारंवार कानावर पडतो. काखेतल्या लसीकाग्रंथी काढल्या की कधीकधी लसीकेची वाट अडते, हात सुजतो. अंगठी रुतते, ब्लाउजची बाही दाटते.

लॅटिन ‘लिम्फा’ म्हणजे नितळ पाणी, ग्रीक ‘ओइडेमा’ म्हणजे सूज. ग्रीक कथेतल्या ‘इडिपस’ राजाचं नावही त्याच सुजेचं: सुजल्या पायांचा. (त्या राजाच्या बाकीच्या भानगडींपुढे पाय कोण लक्षात ठेवणार!) आज ‘लिम्फ’साठी वापरतात तो ‘लसीका’ शब्द आपल्याकडे चरकसंहितेपासून आहे. जखमेतून झिरपते ती लस आणि दंडात टोचतात तीही लसच, कारण देवीची लस पूर्वी फोडातल्या द्रवाचीच असे.

अशीच सूज पायात येऊन पाय जाड होण्याला सुश्रुताने ‘श्लीपद’ म्हटलं, लोकांनी ‘हत्तीपाय’. हे दुसरं नाव रोग्याला घरात कोंडतं, म्हणून मला नको वाटतं.

दवाखान्यात आता ‘लिम्फेडिमा’च रुळलाय. दाबपट्टी, हलका मसाज, व्यायाम, त्वचेची निगा यांनी तो बहुधा आटोक्यात राहतो. सुजलेला हात जोरात चोळू नका. तो लाल-गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.