नेमदर्शक, रायफलवरील : सोलापूरच्या माळरानाच्या संदर्भात

नळीतून सुटणारी गोळी व नेमबाजाची नजर यांचा मेळ घालणाऱ्या साधनास नेमदर्शक म्हणतात. नळीच्या तोंडाजवळील माशी व मागील खाच हे त्याचे सर्वांत साधे रूप होय. लहान छिद्राचे नेमदर्शक, दुर्बीण व परावर्तक नेमदर्शक ही त्याची नंतरची रूपे. या साधनांच्या सुधारणेचा इतिहास बहुधा युद्धांच्या अनुषंगाने सांगितला जातो. तथापि दख्खनच्या उघड्या माळरानांनाही त्यात स्थान आहे. सोलापूर-अहमदनगर (आता अहिल्यानगर) भागातील काळवीट आणि माळढोक यांच्या भवितव्याशी हा इतिहास निगडित आहे.

माशी व खाच : दख्खनमधील तोड्याच्या बंदुकांवर पुढे माशी व मागे खाच असे. नळी आतून गुळगुळीत असल्याने गोळी नळीत सैल बसे आणि बाहेर पडताना किंचित भरकटे. त्यामुळे नेम कितीही काळजीपूर्वक धरला, तरी सुमारे शंभर मीटरपलीकडे त्याचा फारसा उपयोग होत नसे. १८१८ च्या मे महिन्यात टॉमस मन्रो याच्या सैन्याने सोलापूरचा किल्ला घेतला, त्या काळी कंपनीच्या पायदळाच्या साध्या बंदुकीवर स्वतंत्र नेमदर्शकही नसे. संगीन अडकविण्याची खुंटी हीच माशीचे काम करी. दाट फळीतून एकदम मारा करणे, हीच त्या काळची युद्धपद्धती होती. नळीत आवर्ती खाचा असलेली रायफल आणि १८४९ मध्ये मिन्ये या फ्रेंच अधिकाऱ्याने प्रचारात आणलेली, नळीत सहज उतरणारी पण बार उडताच प्रसरण पावणारी गोळी यांमुळे परिस्थिती पालटली. गोळी दूरवर व सरळ जाऊ लागताच नजर अपुरी पडू लागली. अंतरानुसार वर-खाली सरकविता येणारी शिडीसारखी मागील खाच, ही त्यावरची पहिली सुधारणा होय. लांब पल्ल्यावर गोळी गुरुत्वाकर्षणाने खाली येते. खाच जितकी वर, तितकी नळी अधिक उचलली जाते व ती घट भरून निघते.

दुर्बिणीचा उपयोग : माशी, खाच व लक्ष्य या तीन वेगवेगळ्या अंतरांवरील वस्तू डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट दिसू शकत नाहीत. दुर्बीण हा दोष दूर करते. वस्तुभिंगाने तयार झालेल्या प्रतिमेच्या प्रतलातच परस्परांना छेदणाऱ्या दोन सूक्ष्म तारा ताणलेल्या असतात. त्यामुळे लक्ष्य व खूण एकाच प्रतलात दिसतात. हे तत्त्व बंदुकीच्या आधी भूमापनाच्या उपकरणांत रूढ झाले होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनच्या पठारावरून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची जी मालिका गेली, तिच्या थिओडोलाइटांतील दुर्बिणींत अशाच तारा होत्या. भूमापकाचे उपकरण मात्र तिवईवर स्थिर असते, तर रायफलीला प्रत्येक बारागणिक जबर धक्का बसतो. तारा जागच्या न हलणे, भिंगे न निखळणे व धक्क्याने नेत्रिका डोळ्यावर न आदळणे, हे खरे प्रश्न होते. शोधकांचे बहुतेक श्रम यांवरच खर्ची पडले.

अमेरिकेत जॉन चॅपमन व मॉर्गन जेम्स यांनी रायफलीच्या नळीइतक्या लांब, अरुंद दुर्बिणी बनविल्या; चॅपमन यांचे त्याविषयीचे पुस्तक १८४८ मध्ये निघाले. १८५५ च्या सुमारास सिरॅक्यूस येथील विल्यम माल्कम यांनी अवर्णी भिंगे वापरून प्रतिमेच्या कडांवरील रंगीत झालर घालविली. त्याच काळातील दुसरे नाव मुंबई इलाख्याच्या सैन्यातील अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन यांचे होय. हिंदुस्थानात असताना त्यांनी दुर्बीण बसविलेली रायफल शिकारीसाठी वापरली व मायदेशी परतल्यावर ती सुधारली. त्यांची आखूड दुर्बीण रायफलीच्या डाव्या अंगास बसविलेली असल्याने वरची माशी व खाच वापरण्यास मोकळी राहत. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेकडील निवडक नेमबाजांच्या व्हिटवर्थ रायफलींवर या दुर्बिणी होत्या. हिंदुस्थानी शिकारीत आजमावलेले साधन अशा रीतीने परदेशच्या रणांगणावर पोहोचले.

काच व कारागिरी : पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) या साधनाचे महत्त्व लष्करांना पटले. जर्मनीजवळ येना येथील उत्कृष्ट प्रकाशीय काच होती. ब्रिटनला ती तुटवड्यात उभारावी लागली. म्हणून लांब नळीविना केवळ दोन भिंगे रायफलीवर बसवून काम भागविण्याचेही प्रयोग झाले. उत्तम नेमदर्शक हा बंदूककारापेक्षा काचकाराच्या कौशल्यावर अवलंबून असतो, हा धडा त्यातून मिळाला. १९३५ मध्ये झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगांवर परावर्तनरोधी लेप देण्याची पद्धत शोधली. प्रत्येक पृष्ठभागावर वाया जाणारा प्रकाश वाचल्याने पहाटे व सांजवेळी प्रतिमा उजळ दिसू लागली. १९४७ च्या सुमारास अमेरिकेतील ल्यूपोल्ड कंपनीने नळीतील दमट हवा काढून कोरडा नायट्रोजन भरला. भिंगे आतून धुरकटण्याचा दोष त्यामुळे गेला.

परावर्तक नेमदर्शकाची कल्पना डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये मांडली. तिरप्या काचेवर उमटणारी प्रकाशमान खूण अनंत अंतरावर असल्यासारखी दिसते. त्यामुळे डोळा थोडा हलला तरी नेम ढळत नाही. याच ग्रब यांच्या कारखान्यातील २० इंची दूरदर्शक १८८८ मध्ये पुण्यात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत कावसजी नेगमवाला यांनी उभारला होता. तो १९१२ मध्ये कोडईकनालला गेला. १९७५ मध्ये स्वीडनमधील एमपॉइंट कंपनीने विजेवर चालणाऱ्या लाल ठिपक्याचा नेमदर्शक बाजारात आणला. भारतात या क्षेत्रातील काम मुख्यतः देहरादून येथे होते : तेथील आयुध निर्माणी १९४३ मध्ये, तर उपकरण संशोधन व विकास संस्था १९६० मध्ये सुरू झाली.

माळरान व शिकार : सोलापूरचा प्रदेश सपाट, कमी पावसाचा व आडोशाविना आहे. काळवीट किंवा माळढोक यांना माणूस दुरूनच दिसतो. म्हणून येथे जवळ जाण्याच्या कसबापेक्षा लांब पल्ल्याच्या नेमाला महत्त्व आले. अर्थात दुर्बीण सर्वसमर्थ नव्हती. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीलगतच्या हवेतून येणारे किरण प्रणमनामुळे सतत वाकतात. दुर्बीण लक्ष्य मोठे करते, तशी ही थरथरही मोठी करते. दुपारच्या मृगजळात तिचा लाभ बराचसा नाहीसा होतो.

दुर्बिणीच्या रायफलीने माळढोक संपविला, असे सरसकट म्हणणे इतिहासाला धरून नाही. रॉबर्ट मॅन्सफील्ड या इंग्रज शिकाऱ्याने अहमदनगर जिल्ह्यात १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. तेव्हा चॅपमन, माल्कम वा डेव्हिडसन यांच्या दुर्बिणी अस्तित्वातच नव्हत्या. एका माणसाच्या हातून, माशी व खाच एवढ्याच साधनांनिशी हा संहार झाला. माळढोकाची मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते. एवढी घट भरून काढणे तिच्या शक्तीबाहेरचे होते. साधनातील सुधारणेने हानीचा वेग वाढला असेल, परंतु मूळ कारण मर्यादेचा अभाव हे होय.

ही मर्यादा कायद्याने आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने काळवीट व माळढोक यांना सर्वोच्च संरक्षण मिळाले. सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील ८,४९६ चौ. किमी. क्षेत्र १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य म्हणून घोषित झाले; सोलापूरपासून सु. २० किमी.वरील नान्नज हे त्याचे केंद्र. २०१२ मध्ये हे क्षेत्र सु. १,२२२ चौ. किमी. इतके करण्यात आले. शिकार थांबली, तरी गवताळ माळ नांगराखाली गेले व आकाशात वीजवाहिन्या आल्या. आज नान्नजला माळढोक क्वचितच दिसतो आणि देशातील मुक्त पक्ष्यांची संख्या दीडशेच्या आतबाहेर मानली जाते. काळविटांचे कळप मात्र तेथे टिकून आहेत.

क्रीडा व निरीक्षण : नेमबाजीचा वारसा आता क्रीडांगणावर चालतो. ऑलिंपिकमधील रायफल स्पर्धांत रायफलीवर दुर्बीण लावण्यास मनाई आहे. छिद्राचा मागील नेमदर्शक व पुढील वर्तुळ यांवरच भिस्त असते. मागील भागावरील बारीक खटक्यांच्या चकत्या फिरवून वाऱ्यानुसार नेम सुधारतात. कोनाचे एक मिनिट म्हणजे १०० मी. अंतरावर सु. २.९ सेंमी., यावरून या खटक्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक पटकाविले.

कागदी लक्ष्यावरील गोळीची भोके पाहण्यासाठी नेमबाज तिवईवरील एक स्वतंत्र दुर्बीण शेजारी ठेवीत आले आहेत. हेच उपसाधन नान्नजच्या माळावर पक्षिनिरीक्षक व वनरक्षक गणनेसाठी वापरतात. भिंगे तीच, लेप तोच व तिवईही तीच. केवळ तिच्याखाली रायफल नाही. मॅन्सफील्डच्या नोंदवहीत मारलेल्या पक्ष्यांचा आकडा होता; आजच्या गणनापत्रकात दिसलेल्या पक्ष्यांचा असतो. हा आकडा शून्यावर न येऊ देणे, हे आता उपकरणाचे नव्हे, तर माळरान राखणाऱ्या समाजाचे काम आहे.