घरगुती बिअर केगमधील वायुदाब

घरी तयार केलेली बिअर केग या पोलादी पिंपात साठवताना कार्बन डायऑक्साइड वायूचा दाब मर्यादेत ठेवावा लागतो. अमेरिकेतील हौशी बिअरनिर्माते यासाठी मूळतः शीतपेयांकरिता बनवलेले सुमारे १९ लिटरचे ‘कॉर्नेलियस’ केग वापरतात.

दाबाचे नियंत्रण

सिलिंडरमध्ये हा वायू द्रवरूपात असतो. २०° से. तापमानाला त्याचा दाब सुमारे ५७ बार असतो, ४° से. तापमानाच्या बिअरला मात्र सुमारे ०.८ बार दाब पुरतो. दाब उतरवण्याचे काम रेग्युलेटर करतो. त्याच्याविना सिलिंडर थेट जोडल्यास केग फुटू शकतो. जादा दाब सोडण्यासाठी केगच्या झाकणावर सहसा सुरक्षा झडप असते. द्रव शिल्लक असेपर्यंत सिलिंडरमधील दाब तापमानानुसारच बदलतो; त्यामुळे उरलेला वायू दाबमापकावरून नव्हे, तर वजनावरून ओळखतात.

दक्षता

सिलिंडर उभा, आधाराला बांधून व उष्णतेपासून दूर ठेवतात. जोडांवर साबणाचे पाणी लावून गळती तपासतात. झाकण उघडण्यापूर्वी केगमधील दाब पूर्णपणे सोडणे आवश्यक असते. स्वयंपाकाच्या गॅसप्रमाणे या वायूची गळती वासावरून कळत नाही. तो हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत साचतो आणि माणूस गुदमरू शकतो. म्हणून खोलीत हवा खेळती ठेवतात.