घोडा, खान आणि खोजा युसूफ

जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि चार दिवसांची मुदत दिली. आमचा धर्म स्वीकारलास तर घोडा परत, वर सोन्याची हजार नाणी. नाही स्वीकारलास तर घोडा तर गेलाच, शिवाय हजार नाणी तुझ्याकडूनच वसूल करणार. बाहेर ऑगस्टमधला पाऊस. या माणसाचं घर तिथून हजारो किलोमीटर दूर, रशियातल्या व्होल्गा नदीकाठच्या त्वेर गावात. गाठीला पैसा नाही, पाठीशी राजा नाही, आणि अख्ख्या मुलखात त्याची भाषा बोलणारा दुसरा माणूस नाही.

त्याचं नाव अफनासी निकितिन. व्यापारी होता. त्याच्या प्रवासाचा काळ जुनी पुस्तकं १४६६ ते १४७२ देतात, अलीकडचे बहुतेक अभ्यासक १४६८ ते १४७४ धरतात. काहीही धरलं तरी वास्को द गामा कालिकतला उतरायच्या पंचवीस-तीस वर्षं आधी हा गृहस्थ चौल, जुन्नर, बिदर, गुलबर्गा, दाभोळ असा फिरून गेला होता. त्याने मागे एक वही ठेवली. ती 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' या नावाने ओळखली जाते. तीन समुद्र म्हणजे कॅस्पियन, आपला अरबी समुद्र आणि काळा समुद्र.

शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव एका ओळीत येतं आणि परीक्षेनंतर विसरलं जातं. 'परदेसी' नावाचा १९५७ चा सिनेमा त्याच्यावर आहे, ख्वाजा अहमद अब्बास यांचा, नर्गिस असलेला. रेवदंड्यात त्याचं स्मारकही आहे. मी काही इतिहासकार नाही, दिवसभर कोड लिहितो. पण वहीचं भाषांतर वाचताना मला त्यात वेगळंच काही दिसत गेलं. परक्या मुलखात वर्षानुवर्षं रस्त्यावर असलेला माणूस जिवंत कसा राहतो, आणि त्यासाठी काय काय देतो, याची ती जवळजवळ रोजनिशी आहे.

त्याची सुरुवात अगदी रीतसर होती. त्वेरच्या राजाकडून परवान्याची पत्रं घेतली. निज्नी नोवगोरोदला दोन आठवडे थांबून शिरवानच्या शाहाच्या वकिलाची वाट पाहिली, कारण तो मॉस्कोहून नव्वद ससाणे घेऊन परत चालला होता आणि राजाच्या वकिलाबरोबर जाणं म्हणजे त्या काळचा सगळ्यात पक्का बंदोबस्त. एकट्याने जायचं नाही, मोठ्यांच्या ताफ्यात घुसायचं. आज आपण अनोळखी घाटात रात्री दुसऱ्या गाड्यांच्या मागे मागे जातो, त्यातलाच प्रकार.

ताफा अस्त्राखानजवळ आला तेव्हा तीन तातार भेटले. पुढे खान तीन हजार माणसं घेऊन टपून बसलाय, असं त्यांनी सांगितलं. वकिलाने त्यांना एकेक अंगरखा आणि कापडाचा तुकडा दिला आणि आम्हाला गुपचूप पलीकडे काढून द्या म्हणाला. त्यांनी अंगरखे घेतले आणि खानाला खबर पोचवली. रात्री चांदण्यात बाण सुटले, दोन्ही बाजूंची माणसं मेली. निकितिन स्वतः वकिलाच्या मोठ्या जहाजात होता, पण त्याचा माल होता लहान नावेत, आणि ती नाव मासेमारीच्या अडसरात अडकली. सगळं लुटलं गेलं. बरोबर आणलेले धर्मग्रंथही गेले. या ग्रंथांचं पुढे फार मोठं प्रकरण होणार होतं.

उरलेल्यांनी शिरवानच्या शाहाकडे घरी परतण्यापुरते पैसे मागितले. तुम्ही फार जण आहात, या कारणावर त्याने काही दिलं नाही. मग सगळे रडले आणि पांगले. निकितिन इथे जे नोंदवतो ते कोणत्याही काळातल्या व्यापाऱ्याला कळेल: ज्यांचं गावी काही होतं ते गावी गेले, ज्यांच्या डोक्यावर गावी कर्ज होतं ते वाट फुटेल तिकडे गेले. तो पुढेच निघाला. बहुधा त्यालाही रिकाम्या हाताने परतायची सोय नव्हती. त्याच्या भारतभेटीचं मूळ हे असं आहे. शोधाची ओढ वगैरे नंतरच्या लोकांनी लावली.

बाकू, तिथून समुद्र ओलांडून इराण, मग आमोल, काशान, यझ्द, लार, होर्मुझ. या टप्प्याबद्दल तो फारसं लिहीत नाही, गावांची नावं आणि मुक्कामाचे महिने तेवढे देतो. होर्मुझला मात्र त्याने एक मोठा डाव खेळला. एक घोडा विकत घेतला.

दख्खनमध्ये तेव्हा बहामनी सुलतानांचं राज्य होतं आणि त्यांच्या फौजेला घोडे लागत. इथे चांगली घोड्यांची पैदास होत नसे. ते अरबस्तान आणि इराणातून जहाजांनी चौल-दाभोळला उतरत आणि प्रचंड किमतीला विकले जात. म्हणजे धंदा बरोबर निवडला होता. पण सुरक्षिततेच्या बाजूने पाहिलं तर सगळी पुंजी चार पायांवर उभी, ती रोज खाणार, आजारी पडणार, आणि लपवता तर अजिबात येणार नाही. माझ्या कामात अशा रचनेला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. एक गोष्ट कोसळली की सगळं कोसळलं. जुन्नरपर्यंत घोडा सुखरूप आणायला त्याला शंभर रुबल खर्च आला.

चौलला उतरल्यावर त्याला पहिला धक्का बसला तो आपल्या लोकांचा. माणसं उघडी, बायकांची डोकी उघडी, केसांची एक वेणी. आणि त्याहून मोठा धक्का, की आपण कुठेही गेलो तरी मागून घोळका येतो, गोरा माणूस बघायला. हे तो गमतीने लिहितो, पण जरा विचार करा. परक्या देशात सुरक्षित राहायचा पहिला नियम म्हणजे उठून न दिसणं. हा उठून दिसत होता आणि वर लगाम धरून एक घोडा चालवत होता.

चौल ते जुन्नर त्याला तीन आठवड्यांहून जास्त लागले: आठ दिवस पालीपर्यंत, दहा दिवस उमरी नावाच्या गावापर्यंत, मग पुढे. आज गाडीने हे एका दिवसात सहज होतं. जुन्नरला पोचेपर्यंत पाऊस लागला आणि तो दोन महिने तिथेच अडकला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, हे त्याचं वर्णन जुन्नरच्या माणसाला आजही खोटं वाटणार नाही. गाव कातळावर आहे, तटबंदी माणसाने नव्हे देवाने बांधली आहे, वर जायची वाट एका वेळी एकाच माणसाची, असं तो लिहितो. शिवनेरी पाहिलेल्याला यात काय दिसतं ते सांगायला नको. इथे घोड्यांना हरभरा आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी चारतात, याचंही त्याला आश्चर्य वाटलं. खिचडी हा शब्द त्याने तसाच्या तसा लिहून ठेवला आहे.

आणि मग असदखानाने घोडा नेला.

चार दिवसांत काय करता आलं असतं? पळणं शक्य नव्हतं, पावसात वाटा बंद. लाच द्यायला पैसे नाहीत. दाद मागावी तर खान हाच सरकार. मुदत संपायच्या आदल्या दिवशी खुरासानचा एक मुसलमान गृहस्थ गावात आला, मुहम्मद नावाचा. निकितिन त्याच्या पाया पडला. तो गृहस्थ खानाकडे गेला, रदबदली केली, धर्मांतराचा आग्रह सोडवला आणि घोडाही परत आणला. बस्स. परवान्याच्या पत्रांनी, वकिलाच्या ताफ्याने किंवा बाणांनी जे झालं नव्हतं ते एका माणसाच्या शब्दाने झालं. धमकी देणारा आणि वाचवणारा एकाच धर्माचे होते, हेही लक्षात ठेवायला हवं. असदखानाला धर्माची किती चाड होती आणि घोड्याची किती, याबद्दल माझी शंका आहे.

या प्रसंगानंतर निकितिनने रशियातल्या आपल्या भाईबंदांसाठी एक सल्ला लिहून ठेवला. कडू आहे. हिंदुस्थानात जायचं असेल तर आपला धर्म घरीच ठेवा आणि मुहम्मदाचं नाव घेऊन निघा, असा त्याचा आशय. तो स्वतःही पुढच्या प्रवासात वेगळ्या नावाने वावरताना दिसतो: खोजा युसूफ खुरासानी.

हे नाव मला फार हुशारीचं वाटतं. नुसतं 'युसूफ' घेतलं असतं तर भागलं नसतं. बहामनी दरबारात तेव्हा स्थानिक दख्खनी आणि बाहेरून आलेले आफाकी असे दोन गट होते. इराण, खुरासानकडून आलेले लोक मोठ्या जागांवर होते. खुद्द वजीर महमूद गवान गीलानचा, आणि असदखान त्याचाच माणूस. 'खुरासानी' म्हटलं की गोरा रंग, परका उच्चार, अंगावरचे वेगळे कपडे, सगळ्याचा खुलासा होतो आणि समोरचा जरा जपूनही बोलतो. निकितिनने इतका हिशोब केला होता की नुसतं मुहम्मदचं बघून नाव उचललं, हे वही सांगत नाही. माझा अंदाज पहिल्याकडे झुकतो. (ते छत्रही कायमचं नव्हतंच. १४८१ मध्ये विरोधकांनी खोटं पत्र रचून गवानला सुलतानाच्या हुकमाने मारवलं. त्याचा मदरसा बिदरला अजून उभा आहे.)

बिदरला त्याने वर्षभर सांभाळलेला घोडा नाताळच्या सुमारास विकला. आणि एक उलटी गोष्ट केली. हिंदूंशी ओळख झाल्यावर त्यांना खरं सांगून टाकलं, की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझं नाव अफनासी. त्यानंतर त्या लोकांनी त्याच्यापासून काही लपवलं नाही. खाणं, व्यापार, पूजा, घरातली बायकामाणसं. त्यांच्याबरोबर तो शिवरात्रीला श्रीशैलला जाऊन आला. कुणापुढे मुखवटा ठेवायचा आणि कुणापुढे काढायचा, याचं त्याचं गणित बिघडलेलं दिसत नाही.

पण ते गणित चालवायला किंमत होती. ग्रंथ लुटले गेल्यामुळे ईस्टर कधी, उपास कधी, याचा पत्ता त्याच्याकडे नव्हता. तो आकाशातल्या कृत्तिका आणि मृग बघून अंदाज बांधायचा. शेवटी मुसलमानांचा रमजान आला की त्यांच्याबरोबर उपास करायचा आणि देवाची माफी मागायचा. मलिक नावाच्या एकाने त्याला धर्म बदलायचा आग्रह केला तेव्हा त्याने उत्तर दिलं, की तुम्ही प्रार्थना करता, मीही करतो. मलिक म्हणाला, तू मुसलमान तर वाटत नाहीस, पण ख्रिस्ती धर्मही तुला ठाऊक नाही. या टोमण्यावर निकितिन किती दिवस तळमळला असेल, ते पुढच्या पानांवरून कळतं. परत जायची वाट तो शोधतो आणि चारी बाजू बंद दिसतात. इराणात सत्तांतरं चाललेली. मक्केच्या वाटेने जावं तर धर्म बदलावा लागेल. थांबावं तर रोजचा अडीच आल्तिन खर्च, तोही एकट्याचा आणि दारूचा थेंब न घेता. हा हिशोब वाचून मला तो एकदम जवळचा वाटला.

वहीत तो अधूनमधून रशियन सोडतो. लिपी तीच, पण भाषा तुर्की-फारसी-अरबीची खिचडी. बायकांचे दर असतात तिथे, आणि मायदेशाबद्दल बोलतो तिथेही. देव रशियाचं रक्षण करो, तसा देश दुसरा नाही, पण तिथले सरदार अन्यायी आहेत, हे त्याने या खिचडी भाषेत लिहिलं. म्हणजे घरापासून इतका दूर असूनही त्याला घरच्या सरकारची भीती होती.

दाभोळहून होर्मुझच्या जहाजाचं भाडं दोन सोन्याची नाणी. महिनाभर जमीन दिसली नाही आणि दिसली ती हबसाणाची. तिथले लोक लुटणार हे ओळखून प्रवाशांनी आपणहून तांदूळ, मिरी, भाकऱ्या वाटल्या आणि जहाज वाचलं. पुढे शिराज, इस्फहान, तब्रीझ असा तो काळ्या समुद्रावर त्राबझोनला पोचला. तिथे तुर्की अधिकाऱ्यांनी त्याचं सगळं सामान किल्ल्यात नेऊन उचकलं, कारण तो त्यांच्या शत्रूच्या, उझुन हसनच्या, छावणीतून आला होता. पत्रं काही सापडली नाहीत, पण चांगल्या चांगल्या लहान वस्तू गेल्या. सीमेवरची झडती तेव्हाही अशीच असायची.

तिथून जहाजाने तो क्रिमियातल्या काफाला पोचला. तिथे ख्रिस्ती लोक होते, रशियन व्यापारी होते. आता खोजा युसूफची गरज उरली नव्हती. तरीही वहीचा शेवट रशियनमध्ये नाही. तीन समुद्र पार केले म्हणून तो देवाचे आभार मानतो आणि मग अरबी प्रार्थना सुरू होते, अल्लाच्या नावांची लांबलचक माळ, रशियन अक्षरांत लिहिलेली.

स्मोलेन्स्कला पोचायच्या आधी तो वाटेत वारला. वही व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेली आणि १४७५ मध्ये ती राजाचा कारकून वसिली मामिरेव याच्या हाती आली. तिथल्या लेखनिकांनी तिची नक्कल केली. ती अरबी प्रार्थनाही त्यांनी अक्षर अक्षर उतरवून घेतली.