आधुनिक हिब्रू साहित्याचा उदय

आधुनिक हिब्रू साहित्य म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपातील ज्यू समाजात निर्माण झालेले हिब्रू भाषेतील लौकिक साहित्य होय. पूर्व युरोपातील ज्यूंची बोली यिडिश होती. हिब्रू ही प्रार्थनेची व धर्माध्ययनाची पवित्र भाषा मानली जाई. ‘हस्काला’ या प्रबोधन चळवळीने तिचा लौकिक लेखनासाठी वापर केला. अब्राहम मापू यांची ‘अहावत त्सियोन’ (१८५३) ही पहिली हिब्रू कादंबरी मानली जाते. तिचे कथानक बायबलकालीन असून भाषाही बायबलच्या धाटणीची आहे.

सनातनी धर्मगुरूंनी अशा लेखनास विरोध केला. तथापि त्याचे लेखक व वाचक ‘येशिवा’ या धर्मपाठशाळांतूनच आले, कारण हिब्रूचे सखोल ज्ञान तेथेच मिळे. विद्यार्थी ही पुस्तके लपून वाचीत. कवी हायिम नाहमान ब्यालिक (१८७३–१९३४) हे वोलोझिन येथील येशिवाचे विद्यार्थी होते. मुलींना सहसा हे शिक्षण मिळत नसल्याने आरंभीचा वाचकवर्ग प्रामुख्याने पुरुषांचा राहिला. यहूदा लेब गॉर्डन यांनी मात्र धार्मिक कायद्यामुळे स्त्रियांवर होणारा अन्याय काव्यातून मांडला.

पुढे मेंडेले मोखेर स्फोरिम यांनी बायबलच्या भाषेला तल्मुदकालीन हिब्रूची जोड देऊन गद्य लवचीक केले. हिब्रू लेखक श्मुएल योसेफ आग्नोन यांना १९६६ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.