मूक पट्ट्यांचा इतिहास : मिडी नियंत्रकाची निवड आणि स्वरलेखनाचा प्रश्न

लिपी ही भाषेची सेविका असते, असे सामान्यतः मानले जाते. परंतु दीर्घकाळ वापरात राहिलेली लिपी भाषेविषयीच्या कल्पनांनाही आकार देते, हे भाषाभ्यासकांस अपरिचित नाही. वर्ण सुटे लिहिले जातात म्हणून ते सुटेच उच्चारले जातात असे वाटू लागते. आणि ज्यांस लिपीत चिन्ह नाही ते सूर, आघात व लय हे घटक भाषेच्या कडेला पडतात. संगणकाच्या साहाय्याने घरच्या घरी संगीतरचना करू पाहणाऱ्या नवशिक्यापुढे जो एक साधा, बाजारातला प्रश्न उभा राहतो, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. पहिला मिडी नियंत्रक कोणता घ्यावा, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर बहुधा पट्ट्यांची संख्या, बटणांची संख्या आणि किंमत ह्यांच्या तुलनेने दिले जाते. तथापि ही वस्तू ज्या लेखनपद्धतीची लेखणी आहे, तिचा इतिहास पाहिल्यावाचून ती तुलना अपुरी राहते, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

मिडी नियंत्रक हे स्वतः न वाजणारे वाद्य होय. त्याच्या पट्टीवर बोट पडले असता आवाज निघत नाही. कोणती पट्टी दाबली व किती वेगाने दाबली, एवढा संदेश निघतो. तो संदेश वाचून प्रत्यक्ष नाद निर्माण करण्याचे काम संगणक अथवा दुसरे एखादे यंत्र करते. लेखन आणि उच्चार ह्यांची अशी फारकत संगीताच्या वाद्यांत फार जुनी नाही.

१९७० पासून तयार होऊ लागलेल्या मिनीमूग ह्या अमेरिकन सिंथेसायझरात पट्ट्या व ध्वनिनिर्मिती एकाच पेटीत होती. दोन यंत्रे जोडावयाची तर विजेच्या दाबाचा आधार घ्यावा लागे, आणि ह्या बाबतीत उत्पादकांत एकवाक्यता नव्हती. काहींच्या यंत्रात एक व्होल्ट वाढला म्हणजे स्वर एक सप्तक चढे, तर इतर काहींच्या यंत्रात दाबाचा संबंध सरळ कंपनसंख्येशी असे. ह्या काळातील एक महत्त्वाचा भारतीय दाखला मुंबईचा आहे. चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या चरणजित सिंग ह्यांनी १९८२ मध्ये ज्युपिटर-८, टीआर-८०८ व टीबी-३०३ ही तीन यंत्रे घेऊन दहा रागांचे ध्वनिमुद्रण केले. तिन्ही यंत्रे रोलँड ह्या एकाच जपानी उत्पादकाची होती, म्हणून त्यांना एका तालात चालविणे शक्य होते. शिवाय ज्युपिटर-८ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यापर्यंत नाद सरकत नेण्याची सोय होती. रागसंगीत पट्ट्यांवर आणताना कशाची निकड भासते, ते ह्या दाखल्यावरून स्पष्ट होते.

एका उत्पादकाचे यंत्र दुसऱ्याशी बोलू शकावे, ह्या दिशेने प्रयत्न १९८१ मध्ये सुरू झाले. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी ह्यांनी सामाईक पद्धतीची कल्पना इतर उत्पादकांपुढे मांडली. त्याच वर्षी सिक्वेन्शल सर्किट्स ह्या कॅलिफोर्नियातील कंपनीचे डेव्ह स्मिथ ह्यांनी चेट वुड ह्यांच्यासह ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे तिचा एक मसुदा ठेवला. यामाहा, कॉर्ग व कावाई ह्या जपानी कंपन्या पुढील चर्चेत सहभागी झाल्या. जानेवारी १९८३ मध्ये ॲनाहाइम येथील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शलचे प्रॉफेट-६०० आणि रोलँडचे ज्युपिटर-६ ही दोन यंत्रे एका तारेने जोडून दाखविण्यात आली, आणि त्याच वर्षी मिडीचे पहिले प्रमाणपत्रक प्रसिद्ध झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे अवश्य आहे. चर्चेस बसलेले हे सर्व पक्ष कीबोर्ड-वाद्यांचे उत्पादक होते, आणि त्यांना स्वस्त उपाय हवा होता. सेकंदास ३१,२५० बिट हा मिडीचा वेग त्या काळच्या १ मेगाहर्ट्झ घड्याळास ३२ ने भागून सहज मिळणारा होता. तीन बाइटांचा एक संदेश पोहोचण्यास सुमारे एक मिलिसेकंद लागे. ह्या मर्यादेत जे बसले ते लिपीत आले. पट्टी दाबली, पट्टी सोडली, ही तिची मुख्य वाक्ये. पट्ट्यांना ० ते १२७ असे आकडे असून ६० हा आकडा पियानोवरील मधल्या सी ह्या पट्टीचा, म्हणजे महाराष्ट्रातील पेटीवादक जिला ‘पांढरी एक’ म्हणतो तिचा. हा आकडा कंपनसंख्या सांगत नाही, पट्टीचे नाव सांगतो. दाबण्याचा वेगही ० ते १२७ ह्याच मापाने लिहावयाचा. आणि ज्या कीबोर्डास वेग मोजता येत नाही त्याने ६४ हा आकडा पाठवावा, अशी तडजोड प्रमाणपत्रकातच आहे.

भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर मिडीने स्वरास सुट्या वर्णाचा दर्जा दिला आणि स्वरांमधील प्रवासास स्वरभाराप्रमाणे वर्णांवर लादलेल्या घटकाचा. मींड, आंदोलन व गमक ह्यांच्यासाठी स्वतंत्र वर्ण नाही. स्वर वाकविण्याचा एक वेगळा संदेश आहे. तोही मुळात एका स्वरास लागू नसून संपूर्ण वाहिनीस लागू आहे. म्हणजे एका वाहिनीवर तीन स्वर एकदम वाजत असतील तर तिन्ही एकदमच वाकतात.

नियंत्रकाचे बाजारातील आजचे रूप ह्या लिपीवर थरांनी चढलेले आहे. १९८४ मध्ये रोलँडने एमकेबी-१००० हे ८८ पट्ट्यांचे, स्वतःचा आवाज नसलेले वाद्य काढले. ते पियानोवादकासाठी होते. १९८८ मध्ये रॉजर लिन ह्यांच्या रचनेवरून अकाईने एमपीसी-६० हे यंत्र काढले. त्यावर चार ओळींत मांडलेले सोळा रबरी चौकोन होते, आणि हल्लीच्या लहान नियंत्रकांवर दिसणारी पॅडे ह्याच कुळातली आहेत. १९९९ मध्ये यूएसबी तारेवरून मिडी नेण्याचे प्रमाण ठरले, तेव्हा वेगळ्या वीजपुरवठ्याची गरज संपली व २५ पट्ट्यांचे, थैलीत मावणारे वाद्य शक्य झाले. नवशिक्याच्या हाती येणाऱ्या वस्तूत अशा रीतीने पियानोवादक, तालयंत्र वाजविणारा आणि संगणकावर काम करणारा ह्या तिघांच्या गरजा एकत्र आल्या आहेत. मींड घेणाऱ्याची गरज त्यांत कोठे आहे, हे वेगळे तपासावे लागते.

भारतात हा प्रश्न नवा नाही. पॅरिसच्या आलेक्सांद्र देबैं ह्यांनी १८४२ मध्ये पेटंट घेतलेली हार्मोनियम ह्या देशात आल्यावर मांडी घालून वाजविण्याजोगी झाली आणि गवयाच्या साथीस बसली. मराठी रंगभूमीवर गोविंदराव टेंबे ह्यांच्यासारख्यांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. तथापि स्थिर पट्ट्या मींड घेऊ शकत नाहीत व समान अंतरावर लावलेले बारा स्वर श्रुतींना न्याय देत नाहीत, हा आक्षेप कायम राहिला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी बावीस श्रुतींवरील आपला ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध केला, आणि ई. क्लेमंट्स ह्यांच्यासमवेत श्रुतींची पेटी घडविण्याचा मार्ग पत्करला. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर सरळ बंदी घातली. ती १९७० च्या दशकाच्या आरंभी शिथिल होऊ लागली. देवलांनी साधन सुधारू पाहिले, रेडिओने ते वर्ज्य केले. घरोघरी पेटी मात्र वाजतच राहिली, आणि अनेकांचे कान तिच्यावरच तयार झाले. जे साधन पहिले हाती येते त्याच्या मर्यादा विद्यार्थ्यास स्वराच्याच मर्यादा वाटू लागतात, हा त्या वादातील खरा चिंतेचा विषय होता. आणि मूक पट्ट्यांनाही तो तितकाच लागू आहे.

ह्या दृष्टीने पाहता निवडीचे निकष निराळ्या क्रमाने लागतात. पियानोचे धडे गिरविणाऱ्यास ८८ जड पट्ट्यांचा उपयोग आहे. रागाची चाल बसविणाऱ्यास तीन ते साडेतीन सप्तके पुरतात, कारण प्रचारातील पेटीही साधारणतः तेवढीच असते. २५ पट्ट्यांत दोनच सप्तके येतात. सप्तक बदलण्याचे बटण असले, तरी मंद्रातून तारेपर्यंत जाणाऱ्या तानेच्या मध्येच ते दाबावे लागते. ताल हाच ज्याचा मुख्य विषय आहे त्याने पॅडांची संवेदनशीलता पाहावी, पट्ट्या कमी असल्या तरी चालतील.

स्वर वाकविण्याचे चाक हा मात्र रागसंगीताच्या विद्यार्थ्यासाठी पहिला निकष ठरतो. काही स्वस्त वाद्यांत ते नसतेच. असलेच तर ते डाव्या हाताशी असते. ही मांडणी मिनीमूगपासूनची आहे. पेटीवादकाचा डावा हात भात्यावर असतो. येथे भाता नसल्याने तो हात मोकळा होतो, आणि पेटीस जी मींड अशक्य होती ती त्याच हाताने घेता येते. मात्र ह्या चाकाचा पल्ला प्रथमतः बहुधा दोन्ही बाजूंस दोन अर्धस्वर एवढाच ठेवलेला असतो. षड्जावरून पंचमापर्यंत सात अर्धस्वरांचे अंतर असल्याने तो संगणकावर बारा अर्धस्वरांपर्यंत वाढवावा लागतो. असे केल्याने चाकाच्या सूक्ष्मतेचा प्रश्न येतो. लिपीत ह्या संदेशास १६,३८४ पायऱ्या आहेत. पल्ला दोन्हीकडे बारा अर्धस्वरांचा, म्हणजे २,४०० सेंटांचा असता एक पायरी ०.१५ सेंटाची पडते, आणि ती कानास जाणवत नाही. परंतु एखादे चाक १२८ पायऱ्याच पाठवीत असेल तर प्रत्येक पायरी सुमारे १९ सेंटांची होते. प्रमाणश्रुतीचे अंतर सुमारे २२ सेंट आहे. म्हणजे अशा चाकावर मींड न राहता जवळजवळ श्रुतीएवढ्या उड्यांची शिडी तयार होते. दुकानातील माहितीपत्रकावर पट्ट्यांची संख्या ठळक छापलेली असते. पायऱ्यांची संख्या शोधावी लागते.

आवाजाच्या चढउताराविषयीही असेच म्हणता येईल. पट्टी दाबण्याचा वेग हा पियानोचा गुण होय. पेटीचा आवाज भात्याने चढतो. दाबलेला स्वर फुगविण्याचे काम वेगाच्या आकड्याने होत नाही, कारण तो आकडा आरंभीच लिहून झालेला असतो. त्यासाठी पायाने दाबावयाचे पेडल लावण्याची अथवा पट्टीवरील दाब मोजण्याची सोय पाहावी लागते.

लिपीही स्थिर राहिलेली नाही. १९९२ मध्ये पट्ट्यांचे स्वर वेगळ्या अंतरावर लावण्याचे प्रमाण आले. २०१८ मध्ये प्रत्येक स्वरास स्वतंत्र वाहिनी देऊन तो एकटाच वाकविण्याची पद्धत मान्य झाली, आणि २०२० मध्ये मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीत स्वराचे वाकणे त्या स्वराच्याच संदेशात सामावले. ही वाढ इष्ट आहे. परंतु त्या सोयी असलेली वाद्ये महाग आहेत, आणि एकावेळी एकच स्वर घेणाऱ्या रागाच्या चालीस त्यांची निकड नाही. एका वाहिनीवरचे साधे पण सूक्ष्म पायऱ्यांचे चाक तेथे पुरेसे आहे. यास्तव नवशिक्याने वाद्य घेण्यापूर्वी ते संगणकास जोडून, चाकाचा पल्ला बारा अर्धस्वरांचा करून, षड्जावरून पंचमापर्यंत एक संथ मींड घ्यावी. ती सलग ऐकू आली तर पट्ट्या पंचवीस की एकोणपन्नास, हा प्रश्न नंतर विचारात घेता येतो.