भाकरीवर चालणारी होडी आणि हायड्रोजनवर चालणारी

गेल्या शनिवारी सकाळी चहाचा दुसरा कप घेऊन बसलो होतो आणि एक जरा जुनी बातमी पुन्हा समोर आली. 11 डिसेंबर 2025 ला वाराणसीच्या नमो घाटावरून हायड्रोजनवर चालणारी प्रवासी बोट सुरू झाली. आपल्या देशातली या प्रकारची पहिलीच. पहिली फेरी नमो घाट ते ललिता घाट. बोट बांधली कोचीन शिपयार्डने, मालकी भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाची, आणि बोटीच्या पोटातला फ्युएल सेल मात्र पुण्याच्या केपीआयटीचा. म्हणजे मी रोज सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ज्या रस्त्यावर आयुष्याला शिव्या घालतो, त्याच्याच आसपास कुठेतरी हे सगळं शिजलं. चला, त्या ट्रॅफिकमधून काहीतरी चांगलंही बाहेर पडतं तर.

पण माझं डोकं अडकलं ते दुसऱ्याच गोष्टीत. नकाशा उघडला आणि नमो घाटावरून ललिता घाटापर्यंत बोट कुठून कुठून जाते ते बघितलं. वाटेत पंचगंगा घाट, मग नागपूरकर भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा घाट, मणिकर्णिका, आणि ललिता घाटाला उतरलं की वर काशीविश्वनाथ. अर्धा रस्ता मराठी माणसांनी बांधलेला. विश्वनाथाचं आजचं देऊळ 1780 च्या सुमाराला अहिल्याबाई होळकरांनी उभं केलं, आणि अहिल्याबाई 1725 साली जन्मल्या त्या आमच्या जिल्ह्यातल्या चौंडीला, जामखेड तालुक्यात. त्यांच्याच नावाने नगरचं आता अहिल्यानगर झालंय. (कागदावर मी बरोबर लिहितो. जीभ अजून नगरच म्हणते. सवय लागेल हळूहळू.)

आता गंमत बघा. अहिल्याबाईंनी बांधलेलं आणखी एक देऊळ आमच्याच जिल्ह्यात आहे, कर्जत तालुक्यात भीमेच्या काठावर. सिद्धटेकचा सिद्धिविनायक. अष्टविनायकांपैकी नगर जिल्ह्यातला हा एकटाच. आणि या गणपतीला जायचं तर पूल होण्याआधी पुण्याकडच्या माणसाला होडीच लागायची. दौंडहून शिरापूरला यायचं, नदी होडीने ओलांडायची, की समोर सिद्धटेक. होडी नको असेल तर श्रीगोंद्याकडून लांबचा वळसा. म्हणजे अहिल्याबाईंच्या एका देवळाला लोक वल्ह्याच्या होडीने जात आणि दुसऱ्या देवळापाशी आज हायड्रोजनची बोट लागते. मधे सव्वादोनशे-अडीचशे वर्षं आणि बरीचशी इंधनं. ती जरा मोजून बघावीत म्हणून हा लेख.

सिद्धटेकच्या होडीचं मी लहानपणापासून ऐकत आलोय, कारण आण्णा (म्हणजे माझे वडील) अष्टविनायकाचं नाव निघालं की आधी होडीचंच सांगतात, गणपतीचं नंतर. पावसाळ्यात भीमा तांबडीलाल, होडीवाला आधी काठाकाठाने उलट्या दिशेने बरंच वर जायचा आणि मग प्रवाहात सोडून तिरकी खाली आणायचा, बरोबर घाटापाशी. सरळ समोर वल्हवत गेलात तर पाणी तुम्हाला खाली कुठल्या कुठे नेऊन टाकणार. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सापेक्ष वेगाचं गणित सोडवताना मला हीच होडी आठवायची. इंधन काय, तर बाजरीची भाकरी आणि ठेचा. धूर शून्य.

तरीही या भाकरीवरच्या होडीला हिशेब होता, आणि तो हिशेब नेहमी काठावर व्हायचा. मुंबई इलाख्यात 1868 साली फेरी आणि नदीतल्या नावांसाठी कायदा झाला. कोकणात ज्याला 'तर' म्हणतात, ती सार्वजनिक तर कुठली हे सरकारने ठरवायचं, भाड्याचे दर ठरवायचे, चालवायचा ठेका द्यायचा. नदी सगळ्यांची, होडी नावाड्याची, पण उतरण्याची जागा सरकारची. पुढे नगर जिल्ह्यात धरणं आली, भीमेवर खाली उजनी झालं आणि कर्जत तालुक्याच्या काठावरच्या गावांपर्यंत फुगवटा आला. मग पूल आला. पुलावरून गाडी दहा मिनिटांत पोचते, होडीसाठी कोण थांबणार? मीही थांबलो नसतो. सिद्धटेकची तर मोडली ती कुठल्याही इंजिनाने नाही, तर पुलाने.

कोकणातल्या आगबोटींची गोष्टही बघा, कारण मराठी माणसाच्या आठवणीतली मोठी प्रवासी बोट तीच. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन, लोकांच्या तोंडी शेफर्ड कंपनी, तिच्या कोळशाच्या बोटी मुंबईहून किनाऱ्याने खाली जायच्या. त्या काळी तीच नवी टेक्नॉलॉजी: वारा असो नसो, वेळापत्रक पाळणारी. पण कित्येक बंदरांत धक्काच नव्हता. मग कोळशावरची एवढी आधुनिक बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि बायका, मुलं, गाठोडी, आंब्याच्या पेट्या हे सगळं पडावात उतरवून वल्ह्यांनी काठाला न्यायचं. शेवटचा टप्पा भाकरीवरच! आजच्या भाषेत 'लास्ट माइल'.

याच शेफर्ड कंपनीला टक्कर द्यायला स्वदेशीच्या भावनेतून एक कंपनी निघाली. लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणायचे. नाव किती छान आहे! हल्ली एखाद्या ॲपला ठेवावं असं. या कंपनीच्या बोटींना संतांची नावं असत आणि त्यातलीच एक 'रामदास', 1936 साली इंग्लंडमध्ये स्वॉन हंटरच्या गोदीत बांधलेली. 17 जुलै 1947 ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ खवळलेल्या समुद्रात कलंडून बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही राहिला नव्हता. जे वाचले त्यातल्या कित्येकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या मचव्यांत ओढून घेतलं. मासळी घेऊन मुंबईला निघालेले हे लोक, त्यांनी मासळी टाकली आणि माणसं भरली असं सांगतात.

रामदासचं नाव मी मुद्दाम काढलं. बोटीचं इंधन कुठलं यापेक्षा ती किती भरली, कुठल्या हवेत निघाली आणि काठावर तिला कुणी थांबवलं की नाही यावर माणसं वाचतात किंवा मरतात. नव्या बोटीच्या बातम्यांत आपण फक्त इंधन बघतो. माझंही तेच होतं, इंजिनिअर माणूस, आधी स्पेसिफिकेशन बघणार.

बरं, स्पेसिफिकेशनच बघू. वाराणसीची बोट 24 मीटर लांबीची, दोन सांगाड्यांची कॅटामरान, 50 प्रवासी, 50 किलोवॉटचा फ्युएल सेल. फ्युएल सेल म्हणजे शाळेत आपण पाण्यात वीज सोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले होते, त्याची उलटी क्रिया. एका बाजूने हायड्रोजन येतो, मधल्या पातळ पडद्यातून त्याचे प्रोटॉन पलीकडे जातात, इलेक्ट्रॉनना मात्र पडदा अडवतो, म्हणून ते तारेतून फिरून जातात. ते फिरून जाणं हीच वीज. पलीकडे हवेतला ऑक्सिजन भेटतो आणि पाणी तयार होतं. स्फोट नाही, धूर नाही, पिस्टन नाही, त्यामुळे आवाजही फारसा नाही. हे तत्त्व विल्यम ग्रोव्ह नावाच्या गृहस्थाने 1840 च्या आसपासच दाखवलं होतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने आणि केपीआयटीने 2020 मध्ये यावर मोटार चालवून दाखवली, 2022 मध्ये बस, आणि मग ही बोट, जिचं उद्घाटन 28 फेब्रुवारी 2024 ला झालं. उद्घाटनापासून प्रत्यक्ष प्रवासी बसेपर्यंत पावणेदोन वर्षं गेली. आमच्या प्रोजेक्टमध्ये हे झालं असतं तर मॅनेजरने रोज दोन मीटिंगा लावल्या असत्या. पण मला त्यात नवल वाटत नाही, कारण बोट बांधणं हा सोपा भाग. तिच्यासाठी काठावर हायड्रोजन आणून ठेवायचा, दाबाखाली साठवायचा, सुरक्षितपणे भरायचा, रोज, न चुकता, हा कठीण भाग.

थोडा हिशेब. विजेने पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला साधारण 50 ते 55 युनिट वीज लागते. तोच किलो फ्युएल सेलमधून परत विजेत बदलला तर हाती 16-17 युनिट येतात. तीच वीज सरळ बॅटरीत भरली असती तर 55 मधली 45 तरी परत मिळाली असती. मग हायड्रोजन कशाला? तर लांब पल्ल्याला बॅटरीचं वजन परवडत नाही आणि भरायला वेळ लागतो. घाटाघाटांवर थांबणाऱ्या छोट्या बोटीला, माझं प्रामाणिक मत विचाराल, तर बॅटरी पुरे. केरळात वैकमला 2017 पासून 'आदित्य' ही 75 प्रवाशांची बोट सौर वीज आणि बॅटरीवर चालली, कोचीची वॉटर मेट्रो 2023 मध्ये सुरू झाली, तीही बॅटरीवर. वाराणसीची बोट हा शिकण्यासाठी केलेला खर्च आहे असं मी धरतो, आणि तसा तो धरला तर मला चालेल.

फक्त हॅम्बुर्गचं होऊ नये. तिथे 2008 साली 'आल्स्टरवासर' नावाची फ्युएल सेलवरची प्रवासी बोट सुरू झाली होती, शंभर माणसांची. 2010 मध्ये तिला आग लागली, पण ती लागली साध्या शिशाच्या बॅटऱ्यांमुळे, हायड्रोजन सुरक्षित राहिला. दुरुस्त करून पुन्हा चालवली. आणि 2013 च्या शेवटी काय झालं? काठावरचा हायड्रोजनचा पंप परवडत नाही म्हणून बंद झाला. बोट धडधाकट, पण तिचं दुकानच उठलं. नॉर्वेतल्या 'हायड्रा' फेरीने 2023 मध्ये हायड्रोजन वापरायला सुरुवात केली, तर तो जर्मनीतून टँकरने आणावा लागला.

वाराणसीच्या काठावर मात्र आणखी एक गोष्ट आहे, जी हॅम्बुर्गला नव्हती: तिथले नाविक. निषाद, मल्लाह मंडळी पिढ्यान् पिढ्या गंगेवर वल्ही मारत आली, मग डिझेलची इंजिनं बसवली, त्यांचा धूर आणि ठकठक वाढली. 2021 च्या सुमाराला सरकारने या बोटींना सीएनजी इंजिनं द्यायचं ठरवलं, घाटाजवळ पाण्यावर तरंगणारा सीएनजी पंपही उभा राहिला. मला ही योजना हायड्रोजनपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात इंधन बदललं पण होडी नावाड्याचीच राहिली. मोठ्या क्रूझ आणि वॉटर टॅक्सी आल्या तेव्हा याच लोकांनी विरोध केला होता. एका वातानुकूलित बोटीत 50 प्रवासी बसले की तेवढे प्रवासी कुणाच्या तरी होडीतून कमी होतात, हे समजायला फार गणित लागत नाही. स्वच्छ बोट कुणाच्या जागी येते, धूर सोडणाऱ्या इंजिनाच्या की वल्हं मारणाऱ्या माणसाच्या, हे मला त्या बातमीत कुठेच सापडलं नाही.

रविवारी घरी फोन केला तेव्हा आण्णांना हे सगळं सांगितलं. हायड्रोजन, पुण्याची कंपनी, अहिल्याबाईंचं देऊळ, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "नदी मधेच सोडून दिली इंजिनाने, तर वल्हं ठेवलंय का रे तिच्यात?" मला माहीत नव्हतं. मग मी त्यांना विचारलं की सिद्धटेकचा पूल झाल्यावर त्या होडीवाल्याने पुढे काय केलं. आण्णा जरा वेळ गप्प बसले. म्हणाले, "पुलावरून जायला लागलो तसं कधी खाली बघितलंच नाही." पुढच्या महिन्यात संकष्टीला दोघं सिद्धटेकला जाणार आहोत. शिरापूरच्या बाजूला गाडी लावून आधी खाली काठावर उतरायचं ठरलंय.